खंडेनवमीला विश्रांती दिलेली पेटी

सातवी शेळी मेली तेव्हा मी संगणकासमोर बसले होते आणि पडद्यावर तीच लाल पाटी पाचव्यांदा आली होती. खिडकीतून माझ्या धाकट्या जावेचा आवाज आला. ती मागच्या गोठ्याच्या भिंतीवरून ओरडत होती.

"आक्का, सातवी बी गेली! आठवीनं मान टाकलीय! आलं का पत्र?"

"न्हाय आलं!"

"मग काय करताय तितं बसून?"

"बटणं दाबतीय!"

"दाबा, दाबा! हितं आमी खड्डं खणतोय!"

माझी जाऊ कधीच गोड बोलत नाही. मीही बोलत नाही, म्हणून आमचं चाळीस वर्षं बरं चाललं आहे. पण त्या सकाळी तिचं बोलणं लागलं, कारण ते खरं होतं. पुण्याच्या प्रयोगशाळेनं पाठवलेला कागद या संगणकापर्यंत येता येता कुठंतरी अडकला होता. तो कागद दुपारी बाराच्या आत वाचला नाही तर मागचा गोठा रिकामा होणार होता.

गोठा आमच्या बायकांच्या शेळीपालन संस्थेचा, शेळगावात, ओढ्याच्या अलीकडं. पुढं दोन खोल्यांचं ऑफिस, मागं गोठा. पैदाशीच्या एकतीस शेळ्या आणि दोन बोकड. इथूनच करडं गावातल्या बायकांना जातात, त्यामुळं हा गोठा बसला की सगळंच बसतं. मी संस्थेची अध्यक्ष. पहिल्या सभेला बाकीच्या बायका लाजून जमिनीवर बसल्या. माझे गुडघे दुखत होते म्हणून मी खुर्चीवर बसले, आणि तिथंच राहिले. शिक्षण चौथी. आमच्या घरची मेंढरं पावसाळा सोडून बाकी वर्षभर फिरती असायची, मी चौथीपर्यंत पोचले तेच आजीकडं गावात ठेवलं म्हणून.

शेळ्यांना आधी ताप आला, मग नाक वाहायला लागलं, मग धाप. बारामतीचे डॉक्टर येऊन सुया टोचून गेले. तीन दिवस टोचल्या, फरक काही नाही, रोज एक-दोन मरत होत्या. डॉक्टरांनी मेलेल्या शेळीच्या फुफ्फुसाचा तुकडा काढून पुण्याला पाठवला. तिथं तो रोग भांड्यात वाढवतात आणि कुठल्या औषधाला तो मरतो ते बघतात. खंडेनवमीच्या संध्याकाळी तिथल्या माणसानं डॉक्टरांना फोन केला. रिपोर्ट झालाय, संस्थेच्या ईमेलवर पाठवलाय, एवढंच सांगितलं आणि फोन बंद करून सुट्टीवर गेला. रिपोर्ट ते संस्थेलाच पाठवतात, दुसऱ्या कुणाला नाही. तसा त्यांचा नियम.

दसऱ्याच्या सकाळी नऊला डॉक्टरांचा फोन आला.

"आजी, मी बारामतीत औषधाच्या दुकानाबाहेर उभा आहे. सणाचा दिवस, बाराला शटर ओढणार म्हणतोय. रिपोर्टमध्ये कुठलं औषध आहे ते सांगा, घेऊन लगेच निघतो."

"सगळीच घेऊन या की."

"आणि सगळीच टोचू? रोगाआधी औषधानंच मरतील. आज चुकीची सुई गेली तर उद्या मला बोलवूच नका."

म्हणून मी संगणकासमोर बसले होते. त्याआधी तो मी फक्त पुसला होता.

ऑफिसचं लिहिणं बघते ती मुलगी सणाला माहेरी कन्हेरीला गेली होती. मी तिला फोन लावला. ती म्हणाली, "आजी, पाकिटाचं चित्र हाय ना, त्यावर दोनदा टिचका. पत्रं आपोआप येत्यात."

टिचकलं. पत्रं आली नाहीत, लाल पाटी आली.

"तुझ्या फोनवर बघ की गं."

"फोनवर न्हाय येत. पासवर्ड त्या मशीनच्या पोटात हाय, मला पाठ न्हाय. पाटीवर काय लिवलंय?"

"इंग्रजी."

"अक्षरं येत्यात ना तुमाला?"

अक्षरं मला येतात. शाळेत नाही शिकले. विम्याच्या शेळ्यांच्या कानात बिल्ला मारतात, त्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे असतात. शेळी मेली की बिल्ला वाचून दाखवावा लागतो. दोन-चार बिल्ले चुकीचे वाचून मी ऑफिसरच्या शिव्या खाल्ल्या आणि मग शिकले. शब्द जुळवता येत नाहीत, पण अक्षर दाखवा, नाव सांगते. मी पाटी वाचायला लागले. पी, आर, ओ, एक्स, वाय.

"अगं आई," ती म्हणाली. "प्रॉक्सी! ती माझ्या हातची न्हाय, आजी. इंजिनिअरलाच लावा."

इंजिनिअर म्हणजे आमच्या ऑफिसात सगळ्या वायरी घालून गेलेला माणूस. भिगवणला त्याचं दुकान आहे. तिशीचा असेल, हसरा, जरा बडबड्या. फोन लावला तर मागून चहावाल्याचा आवाज येत होता.

"आजी, दसऱ्याचा नमस्कार! मी बायकोला घेऊन स्टेशनवर उभा हाय, सासुरवाडीला चाललोय. गाडी लेट हाय. बोला."

मी सगळं सांगितलं. शेळ्या, रिपोर्ट, बारा वाजता. तो हसायचा थांबला.

"गाडी येईस्तवर मी तुमचाच. पाटीचा फोटो पाठवा."

"माझ्या फोनला डोळा न्हाय."

"गोठ्यातल्या बायकांकडं असंल की."

"हाय. पर त्यांना मीच सांगितलंय, गोठ्याबाहेर पाय टाकायचा न्हाय, वस्तू बी बाहेर द्यायची न्हाय. गावात आणखी शेळ्या हायत्या."

"मग तुमीच माझं डोळं. फोन मोठ्यानं बोलणारा करा आणि टेबलावर ठेवा."

केला. त्या क्षणापासून, खरं सांगते, मला मजा यायला लागली. मागं शेळ्या मरत होत्या आणि मला मजा येत होती, हे लिहायला बरं वाटत नाही. पण कुठं अडलंय ते शोधायचं म्हटलं की माझ्या अंगात वारं शिरतं. मोटर चालू असून पाणी पडत नसलं की पाइप कुठं फुटलाय ते बघत मी उसात आडवी-तिडवी जाते, तसंच ते.

त्यानं आधी भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्याचे दिवे विचारले. तीन हिरवे, एक लुकलुकतोय. "लाइन जिवंत हाय," तो म्हणाला. मग दुधाच्या काउंटरवरचा संगणक चालू करायला लावला, त्यात इंटरनेटचं चित्र दाबायला लावलं. तिथंही तीच पाच अक्षरं.

"म्हंजी पत्राचा प्रोग्राम चांगला हाय," तो म्हणाला. "दोघांना बी मधलीच सापडत न्हाय."

मधली म्हणजे पेटी. ती आल्याला वर्षही झालं नव्हतं. आमच्याकडं तीन संगणक, आणि इंटरनेट महिना संपायच्या आत संपायचं. दुधाच्या काउंटरवरच्या पोरी मालिका बघत होत्या. मी ओरडले की बंद, मी गेले की चालू. मग या इंजिनिअरनं एक जुनी काळी पेटी आणून कोपऱ्यात टेबलाखाली ठेवली आणि मला सांगितलं की आता कुठल्याही संगणकानं थेट बाहेर जायचं नाही. काय हवं ते पेटीला सांगायचं. पेटी बाहेर जाणार, आणून देणार. मालिका मागितली तर देणार नाही. हिला म्हणतात प्रॉक्सी. मला ते लगेच कळलं. माझ्या लग्नाच्या वेळी सासरची माणसं आमच्याशी एक शब्द थेट बोलली नाहीत. सगळं मधल्या मामाच्या तोंडून. मामा रुसला की दोन्ही घरं गप्प.

"पेटी चालू हाय का बघा," तो म्हणाला.

"हाय. सकाळी मीच चालू केली."



"चालू केली म्हंजी? बंद कधी झालती?"

आता सांगणं भाग होतं. मी सांगितलं, "काल. खंडेनवमी न्हवती का?"

आमच्याकडं खंडेनवमीला अवजार चालवत नाहीत. ते धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाही. माझ्या वडिलांची लोकर कातरायची कातर अजून मी त्या दिवशी मांडते. आदल्या दिवशी ऑफिसातही आम्ही मांडलं होतं. विळे, कडबा कापायचं यंत्र, दुधाचा काटा, सुईची नळी, तिन्ही संगणक. लिहिणारी मुलगी कोपऱ्यातल्या पेटीपाशी थांबली होती. म्हणाली होती, "आजी, हिला बंद करायची न्हाय असं सांगितलंय." मीच म्हणाले, "वर्षभर रात्रंदिवस राबतीय, तिला एक दिवस बसायला नको? काढ वायर." पेटीची काढली, भिंतीवरच्या डब्याचीही काढली. सगळ्यांना सुट्टी. दसऱ्याच्या सकाळी येऊन मी एकेक वायर परत खोचली.

"आजी," तो हळू आवाजात म्हणाला, "मी तिच्यावर चिठ्ठी डकवली होती. बंद करू नये म्हणून."

"होती. पुसताना निघाली."

"पुसताना?"

"ओल्या फडक्यानं पुसलं. घाण किती होती तिच्यावर!"

त्याची बायको पलीकडं हसली ते मला ऐकू आलं. मग त्यानं समजावून सांगितलं. प्रत्येक मशीनला घराच्या दारावर असतो तसा नंबर असतो. भिंतीवरचा डबा ते नंबर वाटतो. पेटीचा नंबर वीस होता. सगळे संगणक वीस नंबरच्या दारात जाऊन मागायचे. आता सगळं बंद करून परत चालू केल्यावर डब्यानं नव्यानं वाटप केलं, आणि पेटी दुसऱ्या घरात राहायला गेली. संगणक अजून वीसचंच दार वाजवतायत. तिथं कुणी नाही.

मी विचारलं, "तिला कायमचा नंबर देता येत न्हाय का?"

"येतो की."

"मग दिला का न्हाईस?"

"ते... राहिलं."

"राहिलं! आणि माझ्या फडक्याला बोलतोयस!"

"बरं, निम्मी चूक तुमची, निम्मी माझी. आता भांडू नका, सिग्नल पडलाय, गाडी येतीय. पेटीला पडदा लावा. ती चालू झाली की आपला नंबर पडद्यावर लिहून ठेवती, तशी मी बसवलीय. दुधाच्या संगणकाची पडद्याकडून येणारी वायर काढा आणि पेटीच्या पाठीत खोचा. दोन निळे स्क्रू असतील."

मी टेबलाखाली शिरले. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं टेबलाखाली शिरायचं म्हणजे आधी एक गुडघा, मग हात, मग शिव्या, मग दुसरा गुडघा. स्क्रू बोटांनी फिरेनात. काठीनं ओढून खिळा घेतला, खिळ्यानं फिरवले. पेटीवर अजून कुंकू होतं आणि झेंडूची एक पाकळी तिच्या जाळीत अडकली होती. ती काढून टाकली. वायर खोचायची तर तोंडाला बारीक काड्या, आणि एका अंगानं बसेना. उलटी केली, बसली.

"पडद्यावर काय दिसतं?"

मी बाहेर आले, चष्मा पुसला. काळ्यावर पांढरे आकडे. "मधी टिंबं टिंबं हायत."

"शेवटच्या टिंबापुढं काय हाय?"

"आठ."

"नुसता आठ?"

"एकटा आठ."

"सापडली!" तो एवढ्यानं ओरडला की स्टेशनवरची माणसं वळली असतील. मीही ओरडले. मागून जाऊ ओरडली, "आलं का?" मी म्हणाले, "पत्र न्हाय, घर सापडलं!" ती म्हणाली, "ह्या वयात कुणाचं घर?" आणि मग लगेच, "आठवी गेली, आक्का." तिचा आवाज या वेळी उतरला होता.

घड्याळात अकरा वाजून गेले होते.

"आता पत्राच्या प्रोग्रामला नवीन घर सांगायचं," तो घाईनं म्हणाला. मागं गाडीचा आवाज वाढत होता, त्याची बायको पिशव्या मोजत होती. "उजव्या कोपऱ्यात वर तीन आडव्या रेघा. दाबा. एस नं सुरू होणारा शब्द शोधा... दाबला? खाली खाली या. एन नं सुरू होणारा मोठा शब्द, त्याच्या बाजूला बटण."

मी अक्षरं शोधत होते. कानातला बिल्ला शोधावा तसं, एकेक कान धरून. "हाय. दाबलं. नवीन खिडकी उघडली."

"तिच्यात एका रकान्यात आकडे असतील टिंबं टिंबं, शेवटी वीस."

"हाय! वीस हाय!"

"वीस पुसा, आठ घाला, सगळ्यात खालचं..."

पुढं मोठा खडखडाट झाला, कुणीतरी "चढा, चढा" म्हणालं, आणि फोन मेला. मी परत लावला. बाईचा आवाज आला, संपर्क होऊ शकत नाही.

बरं. वीस पुसायचे ते मला माहीत होतं. पुसायचं बटण मुलगी वापरताना शंभरदा बघितलं होतं. वीस पुसले. वरच्या ओळीतलं आठाचं बटण दाबलं. आठ उमटला. सगळ्यात खालचं बटण दाबलं, खिडकी मिटली. पाकिटाच्या चित्रावर दोनदा टिचकलं.

लाल पाटी.

परत केलं, तर तीच. मी ऑफिसात एकटी होते. ज्याला कळत होतं तो गाडीत बसला होता, आणि सगळं सांगितल्याप्रमाणे केलेलं होतं. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन.

"आजी, साडेअकरा. ह्यानं अर्धं शटर ओढलंय."

"त्याला धरून ठेवा."

"काय करून?"

"काहीबी करून. त्याच्या दुकानात पाय घालून उभं राहा."

फोन ठेवला आणि मी परत ती खिडकी उघडली. रेघा, एस, एन, बटण. रकाना. आणि मी फक्त बघत बसले. मेंढरांत वाढलेल्या माणसाला एक सवय असते. कळपात परकं जनावर घुसलं तर ते मोजून सापडत नाही, बघून सापडतं. चालीत फरक असतो. मी त्या आकड्यांकडं तसं बघितलं. एक, नऊ, दोन, टिंब, पुढचे सगळे. बिल्ल्यावर असतात तसले आकडे. आणि शेवटी माझा आठ. माझा आठ त्यांच्यातला नव्हता. बिल्ल्यावरचा आठ म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन वेटोळी. पेटीच्या पडद्यावरही तसाच होता. माझा आठ म्हणजे वरून वाकून खाली उतरलेली एक रेघ. शाळेत पाटीवर काढायचे तो आठ. मराठी आठ!

लिहिणारी मुलगी सभेची टिपणं मराठीत लिहिते, त्यासाठी तिनं कळफलक मराठीवर ठेवला होता. मला आठ म्हणजे आठ दिसला. माझ्या डोळ्याला तो इतका चांगला, इतका ओळखीचा दिसला की संशयच आला नाही. पण मशीनला तो आकडाच नव्हता.

आता इंग्रजी आठ आणायचा कुठून? मराठीचं इंग्रजी कसं करतात ते मला माहीत नव्हतं. पण मुलगी शेळ्यांचे बिल्ले उतरवून घ्यायची तेव्हा उजव्या बाजूच्या वेगळ्या आकड्यांवर बोटं नाचवायची, आणि तिचे बिल्ल्यांचे आकडे बिल्ल्यासारखेच उमटायचे, हे मी बघितलं होतं. मराठी आठ पुसला. उजवीकडचा आठ दाबला.

दोन वेटोळी. एकावर एक.

खालचं बटण. पाकीट. दोनदा टिचकी.

लाल पाटी आली नाही. खाली कोपऱ्यात एक निळी पट्टी दिसली आणि ती पुढं सरकायला लागली. पट्टी शेवटाला गेली आणि पत्रं पडायला लागली. एक, दोन, पाच, नऊ, काळ्या जाड अक्षरांत, एकाखाली एक, कणसातून दाणे सुटावे तशी. मी उठून उभी राहिले आणि खिडकीतून ओरडले, "आलं गं! आलं!"

"काय आलं?"

"सगळंच आलंय! त्यातलं आपलं कुठलं ते बघतीय!"

बरीचशी जाहिरातींची असावीत. एकाच ओळीच्या टोकाला कागद अडकवायच्या पिनेचं चित्र होतं. ते उघडलं, पिनेवर टिचकलं. कागद उघडला. वर शिक्का, खाली सही, मधे चौकट. डॉक्टरांना फोन लावला.

"आलाय. इंग्रजीत हाय."

"चौकटीत औषधांची नावं आहेत का? एकाखाली एक?"

"सहा ओळी."

"प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अक्षर असेल. आर किंवा एस. आर म्हणजे औषध लागू नाही, एस म्हणजे लागू. पहिली ओळ?"

"आर."

"दुसरी?"

"आर."

"दुसऱ्या ओळीचं नाव वाचा. अक्षरं सांगा नुसती."

मी वाचायला लागले. पी, ई, एन, आय. चार अक्षरांतच डॉक्टर म्हणाले, "पुरे. तेच आपण तीन दिवस देत होतो." त्यांच्या मागं दुकानदार म्हणत होता, "साहेब, लवकर बोला, घरी पूजा खोळंबलीय."

"तिसरी?"

"आर."

"चौथी?"

"एस! एस हाय!"

"नाव. सावकाश."

मी बोट पडद्यावर ठेवून एकेक अक्षर सांगितलं. डॉक्टर एकेक अक्षर दुकानदाराला सांगत होते. सातव्या अक्षराला दुकानदार म्हणाला, "हाय, फ्रिजच्या मागं हाय, किती पायजे?" आणि डॉक्टर म्हणाले, "आहे तेवढं." पाचवी आणि सहावी ओळही वाचली, दोन्ही आर. सहांतलं एकच. डॉक्टरांनी मला सगळ्या ओळी पुन्हा एकदा, खालून वर, वाचायला लावल्या. तसंच निघालं. मग मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

पाऊण वाजता ते आले. माणूस बारामतीहून एवढ्या लवकर कसा येतो ते मी विचारलं नाही, त्यांच्या अंगावरची धूळ दिसत होती. जाऊ आणि आणखी दोन बायका एकेक शेळी धरत होत्या, डॉक्टर टोचत होते. मी दारात उभी राहून बिल्ले मोठ्यानं वाचून हिशेब ठेवत होते, म्हणजे एकही सुटू नये. माझ्या डोक्यात अजून आकडे आणि टिंबं नाचत होती. एका शेळीच्या कानात आठ दिसला तर मी उगाच हसले. जाऊ म्हणाली, "हिला बी टोचा एक."

दोनच्या सुमाराला इंजिनिअरचा फोन आला, कुठल्यातरी पुढच्या स्टेशनवरून. आधी त्याला वाटलं लिहिणारी मुलगी परत आली असणार. मी म्हणाले, न्हाय, मीच केलं. त्यानं विचारलं, सगळ्यात खालचं बटण कुठलं ते सांगायच्या आधीच फोन गेला, मग कळलं कसं? मी म्हणाले, सगळ्यात खालचं म्हणजे सगळ्यात खालचं, त्यात काय कळायचं. मग मी त्याला मराठी आठाचं सांगितलं. त्यानं ते तिथल्या तिथं बायकोला सांगितलं. मग म्हणाला, "आजी, मी फोनवर होतो तरी मला ते सापडलं नसतं. मी विचारलं असतं, आठ घातला का, तुमी म्हणाला असता, घातला." हे त्यानं खरं सांगितलं म्हणून मला तो माणूस आवडतो. सण झाल्यावर तो आला आणि पेटीला कायमचा नंबर देऊन गेला. नवी चिठ्ठीही डकवली, वरून प्लास्टिकची पट्टी मारून, ओल्या फडक्याला जुमानणार नाही अशी.

मला मात्र एक गोष्ट तशीच लागून राहिली आहे. खंडेनवमीला पेटी बंद केली नसती तर रिपोर्ट दसऱ्याला सकाळी नऊलाच मिळाला असता, आणि डॉक्टर दहाच्या सुमाराला गोठ्यात असते. सातवी आणि आठवी शेळी त्या तासांत मेल्या. डॉक्टर म्हणाले, त्या तशाही गेल्या असत्या, फुफ्फुसं भरली होती. असेल. जाऊ म्हणाली, एका दिवसाच्या सुट्टीपायी दोन शेळ्या. तिचंही असेल. अवजारं मी मांडायची सोडलेली नाहीत. पण कुठलं अवजार थांबवलं तर कोण मागं वाट बघत थांबतं, ते आता मी हात लावायच्या आधी विचारते.

औषध लागलं की नाही हे कळायला दोन दिवस गेले. पहिल्या रात्री आणखी एक मेली, दुसऱ्या सकाळी अजून एक. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊ भिंतीवरून ओरडली नाही. मी गेले तर ती गव्हाणीपाशी उभी होती आणि शेळ्या चारा खात होत्या, एकमेकींना ढुशा देत.

एकतीस शेळ्यांपैकी दहा मेल्या. एकवीस शेळ्या आणि दोन्ही बोकड जगले.